चित्राभोवतीचा समास

चंदीगड शहराच्या मध्यभागी सेक्टर १७ हा विभाग आहे. १९५१ मध्ये ल कॉर्बुझिए या वास्तुरचनाकाराने या शहराचा आराखडा हाती घेतला आणि त्यात सेक्टर १७ ला नगरकेंद्राचे स्थान दिले. येथील विस्तीर्ण फरसबंद चौकात वाहनांना प्रवेश नाही. लोक पायीच हिंडतात. चौकाभोवतीच्या बहुतेक इमारती चार मजली, उघड्या काँक्रीटच्या आणि जवळजवळ एकाच धाटणीच्या आहेत. हा एकसारखेपणा काहींना कंटाळवाणा वाटतो. परंतु चौकात उभे राहिल्यावर नजर कोठे जाते हे पाहण्यासारखे आहे. ती जाते कारंज्याकडे, झाडाखाली बसलेल्या माणसांकडे, धावणाऱ्या मुलांकडे. करड्या भिंती मागे सरतात आणि मोकळी फरशी माणसांना उठाव देते.

चित्र किंवा छायाचित्र चौकटीत बसवताना त्याच्याभोवती पुठ्ठ्याची जी रुंद किनार ठेवतात, तिचे काम असेच असते. फ्रेमच्या दुकानात तिला ‘माउंट’ म्हणतात. काही देशांत ‘मॅट’ हा शब्द रूढ आहे. जाड पुठ्ठ्याच्या मधोमध खिडकीसारखा चौकोन कापायचा, त्यामागे चित्र ठेवायचे, वर काच आणि भोवती लाकडी चौकट बसवायची, अशी ही रचना असते. पोथीच्या पानाला जसा समास, तसे चित्राला माउंट. अक्षरे थेट कडेला भिडली की पान वाचवत नाही, डोळा शिणतो. चित्राचेही तसेच होते. माउंटचे आणखी एक काम आहे आणि ते अनेकांना ठाऊक नसते. ते चित्राला काचेपासून दूर ठेवते. शोभेचा विचार सारेच करतात. या दुसऱ्या कामाकडे दुर्लक्ष झाले, तर ज्या चौकटीत चित्र जपण्यासाठी ठेवले, त्याच चौकटीत ते हळूहळू नष्ट होते.

समजा, साताऱ्याकडचे एक कुटुंब १९७० च्या दशकात सैन्यातील नोकरीनिमित्त काही वर्षे चंदीगडला राहिले. सेक्टर १७ च्या चौकात काढलेले एक कृष्णधवल छायाचित्र त्यांच्याकडे आहे. मागे काँक्रीटच्या इमारती, वर फिकट आकाश आणि पुढे आई, वडील व दोन मुले. छायाचित्र १० इंच रुंद आणि ८ इंच उंच आहे. निगेटिव्ह केव्हाच गहाळ झाली, म्हणजे ही एकच प्रत उरली आहे. वडील आता हयात नाहीत. मुलीला ते छायाचित्र गावाकडच्या घरी भिंतीवर लावायचे आहे. दुकानात गेल्यावर तिला तीन गोष्टी ठरवाव्या लागतील: माउंट कशाचे, किती रुंद आणि कोणत्या रंगाचे. दुकानदार बहुधा रंगापासून सुरुवात करतो, कारण नमुने रंगांचेच मांडलेले असतात. शहाणपणाचा क्रम मात्र याच्या उलट आहे.

प्रथम काचेचा प्रश्न घेऊ. जुन्या पद्धतीच्या छायाचित्राच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि प्रतिमा त्या थरात असते. जिलेटिन ओलावा शोषून घेते, फुगते आणि चिकट होते. काच हा थंड पदार्थ आहे. हवेत दमटपणा असताना बाहेरील भिंत गार पडली, की काचेच्या आतल्या बाजूस बाष्प जमते. छायाचित्र काचेला टेकलेले असेल, तर ओलसर झालेला थर काचेला चिकटतो आणि वाळल्यावर तसाच राहतो. प्रथम एक चकचकीत डाग दिसतो. पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात तो पसरतो. अशा छायाचित्राला ओढून काढले, तर चेहरे काचेवर राहतात आणि हातात पांढरा कागद येतो. चंदीगडला पावसाळ्याखेरीज हिवाळ्यातही धुके असते. महाराष्ट्रात कोकणात व सह्याद्रीच्या माथ्यावर तर चार महिने भिंती ओल धरतात. हे संकट टाळण्यासाठी फार काही लागत नाही. नेहमीच्या माउंटची जाडी साधारण दीड मिलिमीटर असते. तेवढी हवेची पोकळी पुरेशी ठरते.

महाराष्ट्रातील अनेक घरांत मात्र तसबिरी बिनमाउंटच्याच असत. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. त्यातून निघालेली लक्ष्मी, सरस्वती यांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचली. चित्र, त्यावर काच, मागे फळी आणि खिळे, एवढ्यावर काम भागे. देवाच्या तसबिरीवर रोज ताज्या फुलांचा हार चढे, काचेवर गंध आणि हळदकुंकू लागे. हारातील पाणी चौकटीच्या वरच्या फटीतून आत झिरपत असे. अशा तसबिरींच्या वरच्या कडेला पिवळट ओघळ दिसतो, त्याचे कारण बहुधा हेच. दिवंगत वडीलधाऱ्यांच्या छायाचित्रांनाही हाच हार आणि हेच पाणी मिळते. हार घालणे थांबवा असे कोणी सांगणार नाही. पण ज्या तसबिरीला हार चढणार आहे, तिला माउंटची गरज इतरांपेक्षा अधिक आहे, हे दुकानात आवर्जून सांगावे.

छायाचित्रकलेच्या अगदी आरंभी ही गोष्ट लोकांना कळली होती, हे विशेष. १८३९ मध्ये फ्रान्समध्ये दागेर याची पद्धत जाहीर झाली. तिच्यात चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटे. ती इतकी नाजूक असे की बोट लागले तरी पुसली जाई. म्हणून पत्रा आणि काच यांच्यामध्ये खिडकी कापलेला पितळेचा पातळ पत्रा ठेवत आणि कडा कागदाने बंद करत. दिसायला ती सोनेरी नक्षी असे. प्रत्यक्षात ते आजच्या माउंटचे पूर्वरूप होते. पुढे छायाचित्रे कागदावर आली, स्वस्त झाली, आणि मधला पत्रा गेला.

काचेचा धोका टळला, तरी माउंटचा पुठ्ठा स्वतःच अपायकारक असू शकतो. स्वस्त पुठ्ठा लाकडाच्या लगद्यापासून बनतो. लाकडात लिग्निन नावाचे द्रव्य असते. हवा आणि प्रकाश यांच्या संपर्काने त्याचे विघटन होऊन आम्ले तयार होतात. वर्तमानपत्र उन्हात राहिले की पिवळे पडते, ते याचमुळे. हे आम्ल पुठ्ठ्यापुरते मर्यादित राहत नाही, ते शेजारच्या कागदात उतरते. त्याची खूण सहज ओळखता येते. वीस-तीस वर्षांपूर्वीची एखादी चौकट उघडून पाहिली, तर खिडकीच्या कडेला लागून चित्रावर विटकरी रंगाची रेघ उमटलेली दिसते. माउंटच्या तिरक्या कापलेल्या कडेतून आम्ल बाहेर पडून कागद जणू होरपळलेला असतो. ही रेघ पुसता येत नाही. तिच्याखालचा कागद ठिसूळ होतो आणि घडी घातल्यासारखा तुटतो.

जुन्या चौकटीचे माउंट चांगले की वाईट, हे याच तिरक्या कडेवरून कळते. पुठ्ठ्याचा पृष्ठभाग रंगवलेला असतो, त्यामुळे तो फसवतो. कडेला मात्र पुठ्ठ्याचा गाभा दिसतो. गाभा पांढरा राहिला असेल तर पुठ्ठा बरा. चहाच्या डागासारखा तपकिरी झाला असेल तर तो बदलण्यात दिरंगाई करू नये.

चांगला पुठ्ठा दोन प्रकारचा असतो. एक कापसाच्या तंतूंचा. कापसात लिग्निन जवळजवळ नसतेच. दुसरा लाकडाच्याच लगद्याचा, पण लिग्निन काढून शुद्ध केलेला. दोन्हींत पुष्कळदा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूसारखे अल्कधर्मी द्रव्य, मिसळतात. हवेतून येणारे आम्ल ते शोषून घेते. सुती चिंध्यांचा कागद टिकतो, हे आपल्याकडे नवे नाही. जुन्या दप्तरांतील हातकागद शेकडो वर्षे टिकून आहे, तर त्यानंतरच्या गिरणी कागदाचे तुकडे पडतात. पुण्यात १९४० मध्ये स्थापन झालेल्या हातकागद संस्थेने सुती चिंध्यांपासून कागद बनवण्याची हीच विद्या पुढे नेली.

येथे एका शब्दाविषयी सावध राहिले पाहिजे. दुकानात ‘ॲसिड-फ्री’ असे लिहिलेला पुठ्ठा मिळतो. साध्या लगद्यात खडू मिसळला, तरी तो पुठ्ठा त्या दिवशी आम्लरहित ठरतो. परंतु लिग्निन आत असतेच. काही वर्षांनी खडूची शक्ती संपते आणि आम्ल पुन्हा तयार होऊ लागते. म्हणून ‘आम्लरहित आहे का?’ एवढे विचारून थांबू नये. ‘लिग्निनरहित आहे का?’ आणि ‘सुती आहे का?’ हेही विचारावे. छायाचित्रांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. अंड्याच्या बलकाऐवजी पांढऱ्या भागाचा थर दिलेली एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रे आणि निळ्या रंगाची सायनोटाइप छायाचित्रे यांना अल्कधर्मी द्रव्य मानवत नाही; त्यांच्यासाठी खडू न मिसळलेला सुती पुठ्ठा घेतात. कागद किंवा पुठ्ठा छायाचित्राला अपाय करतो की नाही हे तपासण्यासाठी ‘आयएसओ १८९१६’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. ती उत्तीर्ण झाल्याची नोंद पुठ्ठ्याच्या वेष्टनावर असेल, तर निवड सोपी होते.

असा पुठ्ठा साध्या पुठ्ठ्यापेक्षा बराच महाग पडतो. पण खर्चाची काटकसर कोठे करावी, याचे उत्तर स्पष्ट आहे. कोरीव काम केलेल्या, सोनेरी चौकटीवर बहुतेक पैसा खर्च होतो आणि माउंट मात्र दुकानात पडलेल्या तुकड्यातून कापले जाते. हे उफराटे आहे. चौकट साधी असली तरी चित्राचे काही बिघडत नाही, ती पुढे बदलताही येते. चित्राला रात्रंदिवस चिकटून असतो तो पुठ्ठा.

पुढचा पुठ्ठा उत्तम आणि मागे रद्दी, असेही पुष्कळदा होते. चौकटीच्या पाठीला हार्डबोर्ड किंवा प्लाय ठोकतात आणि पोकळी भरण्यासाठी वर्तमानपत्राच्या घड्या कोंबतात. वर्तमानपत्राइतका आम्लयुक्त कागद क्वचितच सापडेल. कसर आणि वाळवी यांनाही तो आवडतो. काही जुन्या छायाचित्रांच्या पाठीवर मजकुराची उलटी अक्षरे उमटलेली दिसतात, ती या घड्यांची. म्हणून पुढे ज्या प्रतीचा पुठ्ठा, त्याच प्रतीचा मागेही असावा. हार्डबोर्ड लावायचाच असेल तर त्याच्या पलीकडे लावावा.

आता चित्र माउंटला जोडायचे कसे? फेविकॉल, सेलोटेप आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी, या तिन्हींपासून दूर राहावे. सेलोटेपचा चिकट थर काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो; पट्टी गळून पडते आणि डाग राहतो. छायाचित्राच्या चारही कोपऱ्यांवर आम्लरहित कागदाचे त्रिकोणी खिसे बसवावेत आणि खिसे मागच्या पुठ्ठ्याला चिकटवावेत. छायाचित्राला कोठेच गोंद लागत नाही आणि हवे तेव्हा ते बाहेर काढता येते. मोठे चित्र असेल तर त्याला वरच्या कडेस दोन ठिकाणी पातळ पण चिवट कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावतात. फक्त वरच्या कडेस, कारण कागद पावसाळ्यात वाढतो आणि उन्हाळ्यात आकसतो. चारही बाजूंनी डकवलेला कागद हालचालीला वाव न मिळाल्याने सुरकुततो. खळ पाण्याने सुटते, हा तिचा मोठा गुण. संग्रहालयांतील तज्ज्ञ जे पुन्हा सोडवता येईल तेच करतात.

मापांकडे वळताना दुकानातील भाषा माहीत असलेली बरी. फ्रेमवाला आणि सुतार इंच आणि ‘सूत’ यांत बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे तीन मिलिमीटर. वर सांगितलेल्या १० बाय ८ इंचांच्या छायाचित्राचे उदाहरण घेऊ. खिडकी छायाचित्रापेक्षा किंचित लहान असावी लागते, नाहीतर ते तिच्यातून पुढे येईल. प्रत्येक बाजूस एक सूत झाकायचे ठरवले, तर रुंदीत दोन सूत, म्हणजे पाव इंच कमी होतो आणि उंचीतही तेवढाच. खिडकी झाली पावणेदहा बाय पावणेआठ इंच. आता वर आणि दोन्ही बाजूंस अडीच इंच आणि खाली तीन इंच समास ठेवू. रुंदी पावणेदहा अधिक पाच, म्हणजे पावणेपंधरा इंच. उंची पावणेआठ अधिक साडेपाच, म्हणजे सव्वातेरा इंच. माउंट या मापाचे कापायचे. चौकटीच्या आतील बाजूस काच टेकण्यासाठी जी खाच असते, ती सुमारे दोन सूत माउंट झाकते. तेव्हा प्रत्यक्ष दिसणारा समास पाव इंचाने कमी होईल हेही ध्यानात ठेवावे. खाचेचे माप माउंटपेक्षा एक सूत मोठे हवे. पुठ्ठाही पावसाळ्यात फुगतो आणि जागा नसेल तर मधोमध पोट काढतो.

खालचा समास मोठा का? चौकोनाचा मध्य दाखवायला सांगितले तर बहुतेकांचे बोट खऱ्या मध्याच्या थोडे वर टेकते. चारही बाजू मोजून सारख्या ठेवल्या, तर चित्र खाली घसरल्यासारखे भासते. खाली अर्धा इंच अधिक दिला की ते स्थिर दिसते. हा फरक पाहणाऱ्याच्या लक्षात येऊ नये इतकाच असावा. रुंदीचा मात्र ठाम असा नियम नाही. साधारणपणे समास चौकटीच्या लाकडी पट्टीपेक्षा बराच रुंद हवा, निदान दुप्पट. दोन्हींची रुंदी सारखी झाली, तर एकात एक चौकोन काढल्यासारखे पट्टे दिसतात आणि नजर त्यांतच अडकते. लहान चित्राला लहानच समास हवा, ही समजूतही खरी नव्हे. पोस्टकार्डाएवढ्या छायाचित्राला तीन इंचांचा समास दिला, तर माणूस जवळ जाऊन ते पाहतो.

खिडकीने चित्राचा किती भाग झाकावा, या साध्या प्रश्नामागे कधीकधी मोठी गोष्ट दडलेली असते. सेक्टर १७ पासून जवळच, सेक्टर १० मध्ये, चंदीगडचे शासकीय संग्रहालय व कलादालन आहे. १९६८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयाची इमारतही ल कॉर्बुझिए यांच्याच रचनेची आहे. फाळणीनंतर लाहोरच्या संग्रहालयातील वस्तूंची वाटणी झाली. साठ टक्के वस्तू पाकिस्तानकडे राहिल्या आणि चाळीस टक्के भारताला मिळाल्या. भारताच्या वाट्याला आलेल्या वस्तूंत पहाडी लघुचित्रे होती आणि अनेक ठिकाणी मुक्काम करत ती अखेर चंदीगडला आली. या लघुचित्रांना चित्रकारांनी स्वतःच समास रंगवलेला असतो. त्याला ‘हाशिया’ म्हणतात. बसोली शैलीत तो बहुधा गडद लाल असतो. कांगडा शैलीत कधी गुलाबी कागदावर बारीक ठिपके, तर कधी निळ्या जमिनीवर सोनेरी वेलबुट्टी असते. पुष्कळदा चित्रातील झाडाचा शेंडा किंवा छत्रीचा कळस या हाशियावर चढलेला असतो. आधुनिक माउंटची खिडकी आतल्या चित्राच्या मापाने कापली, तर हाशिया झाकला जातो आणि चित्र अर्धवट राहते. पूर्वी असे हाशिये चौकटीत मावत नाहीत म्हणून कापूनही टाकले गेले.

त्यात केवळ शोभा गेली असे नाही. हाशियावर आणि चित्राच्या पाठीवर टाकरी, नागरी अशा लिप्यांत विषयाची, क्वचित चित्रकाराची नोंद असते. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील कलेतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी अशा नोंदी आणि हरिद्वार आदी तीर्थक्षेत्रांतील पंड्यांच्या वह्या यांचा मेळ घालून पहाडी चित्रकारांची घराणी शोधून काढली. पंडित सेऊ, त्याचे पुत्र माणकू आणि नैनसुख, त्यांची मुले, अशी वंशावळ उभी राहिली. शैली राजाच्या दरबारापेक्षा चित्रकाराच्या घराण्याची असते, हा त्यांचा लेख १९६८ मध्ये मुंबईच्या ‘मार्ग’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या चित्रांचे काठ कापले गेले, त्यांच्याबाबत असा शोध घेणे अवघड होऊन बसते.

घरच्या छायाचित्रालाही हाशिया असतो. जुन्या स्टुडिओची छायाचित्रे जाड कार्डावर डकवलेली असत आणि कार्डाच्या खालच्या कडेस स्टुडिओचे नाव व गाव उठावदार अक्षरांत छापलेले असे. फ्रेमवाला ‘हा भाग काढून टाकू, नीट बसेल’ असे सुचवतो. त्याला नम्रपणे नकार द्यावा. आजोबांचे छायाचित्र कोल्हापूरला काढले की कराचीला, हे सांगणारा तो एकमेव पुरावा असू शकतो. अशा वेळी खिडकी मोठी कापून संपूर्ण कार्ड दिसू द्यावे. कडेभोवती दोन सूत मोकळी जागा राहिली तरी ती वाईट दिसत नाही.

राहिला रंग. सेक्टर १७ मधील त्या छायाचित्रात फिकट आकाश आणि करडे काँक्रीट आहे. शिवाय पन्नास वर्षांत कागदाचा पांढरा रंग थोडा पिवळसर झाला आहे. त्याच्याभोवती शुभ्र, निळसर झाक असलेले माउंट ठेवले, तर डोळा त्या शुभ्रतेशी तुलना करतो आणि आकाश मळके भासते. माउंट छायाचित्रातील सर्वांत उजळ भागापेक्षा उजळ नसावे, हा कृष्णधवल छायाचित्रांसाठी चांगला नियम आहे. येथे मलईसारखा पांढरा किंवा अगदी फिकट करडा रंग योग्य ठरेल. काळे माउंट भारदस्त वाटते, पण त्यामुळे छायाचित्रातील सावल्या फिक्या पडतात आणि चेहऱ्यांवरचे बारीक फरक लोपतात.

रंगीत चित्राच्या बाबतीत सर्वांना एक मोह होतो. चित्रातील सर्वांत भडक रंग उचलून तोच माउंटला द्यावा असे वाटते. लाल साडीचे चित्र, म्हणून लाल माउंट. मग साडीचा लाल फिका पडतो, कारण तेवढाच लाल चारही बाजूंनी, अधिक मोठ्या प्रमाणात उभा राहतो. सोफ्याशी किंवा भिंतीशी जुळणारा रंग निवडणे हे तर त्याहून चुकीचे. भिंतीचा रंग काही वर्षांनी बदलतो. वारली चित्रांचे उदाहरण बोलके आहे. पालघर-डहाणू भागातील या चित्रांत गेरू वा शेणाने सारवलेल्या जमिनीवर तांदळाच्या पिठीच्या पांढऱ्या रेषा असतात. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या कलावंतांनी ती भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली. भोवती लख्ख पांढरे माउंट ठेवले, तर काडीएवढ्या रेषांची पांढराई त्यापुढे टिकत नाही. मातकट किंवा तागाच्या रंगाचे माउंट ठेवले, तर नाचणारी माणसे पुन्हा उजळतात. पहाडी चित्राला मात्र स्वतःचा रंगीत हाशिया आहे. त्याला बाहेरून आणखी रंग कशाला? तेथे साधा मलईचा पांढरा रंगच हवा.

रंगाचा निर्णय दुकानातील दिव्याखाली करू नये. ट्यूबलाइटखाली मलईचा रंग हिरवट दिसतो आणि पिवळ्या दिव्याखाली पांढरा. नमुन्याचे तुकडे चित्राशेजारी धरून दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात पाहावे. घरीही एक सोपा प्रयोग करता येतो. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीतून काटकोनात वळलेल्या दोन रुंद पट्ट्या कापाव्यात आणि चित्रावर समोरासमोर ठेवून पुढे-मागे सरकवाव्यात. समास किती हवा, खालचा किती मोठा हवा, हे पाच मिनिटांत डोळ्यांना पटते आणि दुकानात घाई होत नाही.

उत्तम माउंटही काही गोष्टी थांबवू शकत नाही. उन्हाचा कवडसा पडणाऱ्या भिंतीवर कोणतेही चित्र फिके होते. १९७० आणि १९८० च्या दशकांतील रंगीत छायाचित्रांचे रंग तर अंधारातही उडतात. तो त्यांच्या रसायनाचा दोष आहे. म्हणून एकच प्रत असलेल्या छायाचित्राची चांगली स्कॅन प्रत काढून ती भिंतीवर लावावी आणि मूळ छायाचित्र सुती पुठ्ठ्याच्या दोन तावांमध्ये, कपाटात, कोरड्या जागी ठेवावे हेच उत्तम. आधीच काचेला चिकटलेले छायाचित्र असेल, तर ते सोडवण्याचा प्रयत्न घरी करू नये. काचेसकट त्याचे छायाचित्र घ्यावे आणि जतनतज्ज्ञाला दाखवावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचे काम करणारे केंद्र आहे.

चौकट बंद करण्यापूर्वी शेवटचे एक काम उरते. मागच्या पुठ्ठ्यावर, छायाचित्रावर नव्हे, मऊ पेन्सिलीने लिहावे: छायाचित्र कोठे काढले, कोणत्या वर्षी, डावीकडून उजवीकडे कोण उभे आहे आणि माउंट कोणत्या साली बसवले. बॉलपेनची शाई पसरते आणि दाबाने उमटते. पेन्सिलीचे शिसे तसे करत नाही. मग पुठ्ठा जागेवर ठेवून कडांना कागदी पट्टी लावावी, म्हणजे कसर आणि धूळ आत जाणार नाही.